जीपची थरथर दर दोन महिन्यांनी परत का येते : उसने घर्षण आणि किंगपिनचा ताण

ताशी ५० किलोमीटरच्या आसपास पुढचे चाक एखाद्या खड्ड्यावरून किंवा पुलाच्या जोडावरून गेले, की स्टिअरिंग अचानक दोन्ही हातांतून निसटू पाहते, बॉनेट डावी-उजवीकडे हलू लागते आणि वेग १५-२० वर आणल्याखेरीज ती थरथर थांबत नाही. सीजे-३बी किंवा तिच्या घराण्यातील कोणतीही जुनी जीप बाळगणाऱ्या बहुतेकांनी हा प्रकार कधी ना कधी अनुभवलेला असतो. त्यावर इलाज करणारेही पुष्कळ भेटतात आणि इलाज लागूही पडतो. अडचण एवढीच, की तो दोन-तीन महिनेच टिकतो. माझ्या जीपवर दीड वर्षात चार वेळा खर्च झाला आणि चारही वेळा थरथर परतली. ती का परतत होती आणि शेवटी कशी थांबली, ते पुढे क्रमाने लिहिले आहे.

पहिला प्रसंग कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्गावर, वारज्याच्या पुलावर घडला. मागून ट्रक येत असताना पुलाच्या जोडावर चाक आपटले आणि पुढचे दोन-तीनशे मीटर गाडी माझ्या ताब्यात नव्हती असेच म्हणावे लागेल. असे झाल्यास स्टिअरिंग पूर्ण ताकदीने आवळून धरू नये आणि ब्रेकही करकचून दाबू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, स्टिअरिंग हलक्या पण पक्क्या हाताने सरळ राखावे आणि गाडी हळूहळू डाव्या बाजूला घेत वेग उतरू द्यावा.

आजाराची ओळख आधी पटवावी, कारण चाकाचे बॅलन्सिंग बिघडल्यानेही स्टिअरिंग हलते आणि दोहोंची गल्लत नेहमी होते. बॅलन्सिंगची थरथर ठरावीक वेगाला हळूहळू चढते आणि वेग वाढवला तर बहुधा ओसरते. इथे ज्या थरथरीविषयी बोलत आहोत ती धक्का बसल्यावर एकदम सुरू होते आणि रस्ता पुढे गुळगुळीत असला तरी स्वतःच्या जोरावर चालू राहते. पहिली टायरच्या दुकानात बरी होते. दुसरीवर तोच खर्च केला तर फक्त धक्का लागण्याची शक्यता थोडी कमी होते.

आता मूळ रचनेकडे वळावे लागेल, कारण ही थरथर कोणा एका कारखान्याची चूक नसून अखंड आस असलेल्या पुढच्या ॲक्सलचा जन्मजात स्वभाव आहे. दोन्ही चाके एकाच कडक हाउसिंगला जोडलेली असल्यामुळे डावे चाक उचलले गेले की सगळा ॲक्सल तिरका होतो. फिरता भोवरा बोटाने कलवायला गेले तर तो कललेल्या बाजूला पडत नाही, आडव्या दिशेला वळतो. फिरते चाक हाच गुण दाखवते आणि ॲक्सल तिरका होताच किंगपिनभोवती, म्हणजे चाक ज्या उभ्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळते तिच्याभोवती, वळू लागते. वळलेले चाक टायरच्या लवचिकतेमुळे उलट फिरते, ॲक्सल पुन्हा हलतो आणि हे आवर्तन एकमेकांना खतपाणी घालत राहते. १९३० च्या दशकात मोटारगाड्यांमध्ये पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देण्याची जी लाट आली, तिच्यामागे ही थरथर टाळणे हेही एक कारण होते. जीपच्या ६.००-१६ टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरला, तर ताशी ५० किलोमीटरला ते चाक सेकंदाला सुमारे सहा फेरे घेते. किंगपिनभोवती डोलण्याचा चाकाचा स्वतःचा ताल याच्या जवळपास आला की दर फेऱ्याला झोक्याला एक धक्का मिळतो. तो झोका थांबवणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे घर्षण, आणि ते नेमके कुठून मिळते यावर सगळे अवलंबून आहे.

हे घर्षण जीपच्या आराखड्यात किंगपिनमध्ये मुद्दाम ठेवलेले आहे. ॲक्सलच्या टोकाला पोलादी गोळा असतो, त्याच्या आत चाकाला फिरवणारा शाफ्ट आणि त्याचा जॉइंट ग्रीसमध्ये बंद असतो, आणि त्या गोळ्याला वरून-खालून कवेत घेऊन नकल (इंग्रजीत knuckle, चाक ज्यावर बसते तो वळणारा भाग) फिरते. ही नकल वर एक आणि खाली एक अशा दोन निमुळत्या रोलर बेअरिंगवर तोललेली असते. बेअरिंगवरची टोपी बोल्टने आवळली जाते, आणि टोपीखाली किती जाडीच्या पत्र्याच्या शिम ठेवल्या आहेत यावर बेअरिंग किती दाबले जाईल हे ठरते. शिम काढल्या की दाब वाढतो, घातल्या की कमी होतो. बेअरिंगमध्ये खेळ नसणे एवढे इथे पुरेसे नाही. त्यापुढे जाऊन ती ठरावीक दाबाखाली राहिली पाहिजेत. मिस्त्री ज्याला प्रीलोड म्हणतात तो हाच.

या आराखड्याची वंशावळ थोडी सांगितली तर सुटे भाग घेताना उपयोगी पडते. अमेरिकी लष्कराने १९४० मध्ये मागणी नोंदवल्यावर घाईघाईत जन्माला आलेल्या युद्धकाळातील जीपचा पुढचा ॲक्सल स्पायसर कंपनीचा होता, आणि विलीज-ओव्हरलँडने युद्धानंतर नागरी उपयोगाच्या सीजे मालिकेत तीच बंद नकलेची मांडणी पुढे चालवली. १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बीचे बॉनेट तिच्या बहिणींपेक्षा उंच दिसते, कारण तिच्यात बसवलेल्या २१९९ सीसीच्या हरिकेन इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह सिलिंडर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली. त्याच वर्षी विलीज कंपनी कैसरच्या ताब्यात गेली. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले. पण परवाना घेतलेल्या देशांत ते मागे हटले नाही. जपानमध्ये मित्सुबिशीने त्यावर आधारलेल्या जीपगाड्या १९९८ पर्यंत बनवल्या. आपल्याकडे महिंद्राने सुरुवातीला मुंबईत आयात केलेले सुटे भाग जोडून गाड्या उभ्या केल्या आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून परवान्याखाली टप्प्याटप्प्याने देशी उत्पादन हाती घेतले. स्टिअरिंग उजवीकडे आले, पुढे डिझेल इंजिने आली, आणि प्यूजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनाची एमएम ५४० गावोगाव दिसू लागली.

परवाना म्हणजे नुसते नाव वापरण्याची मुभा नव्हे. त्यासोबत नकाशे येतात, मापे येतात आणि त्या मापांमागचा हिशेबही येतो. मात्र गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती पोहोचेपर्यंत नकाशातील माप टिकते आणि हिशेब हरवतो. माप टिकल्याचा फायदा असा, की किंगपिनचे बेअरिंग अजूनही त्याच इंची मापाचे आहे : कोन (रोलर असलेली आतली कडी) ११५९०, कप (बाहेरची कडी) ११५२०, आतील व्यास १५.८७५ मिलिमीटर म्हणजे पाच-अष्टमांश इंच. नाना पेठेत 'जीपचे किंगपिन बेअरिंग द्या' असे म्हटले तर समोर दोन-तीन प्रकारचे संच येतात आणि विक्रेता गाडीचे साल विचारू लागतो. हे दोन क्रमांक सांगितले तर प्रश्न उरत नाही. कोन आणि कप दोन्ही घ्यावेत, याचे कारण पुढे येईल. हिशेब हरवल्याचा तोटा मात्र मी दीड वर्ष भोगला.

पहिल्या खेपेला गॅरेजमध्ये स्टिअरिंग डँपर, म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा दट्ट्या, बसवला गेला. दुसऱ्या खेपेला टाय रॉडचे, म्हणजे चाके वळवणाऱ्या आडव्या दांड्यांचे, चारही जॉइंट बदलले, तिसऱ्या खेपेला स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला, आणि चौथ्या खेपेला, खर्चाचा आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो तेव्हा, किंगपिनचा संपूर्ण संच बदलल्याचे सांगितले गेले. प्रत्येक खेपेनंतर मी सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन आलो आणि गाडी शहाण्यासारखी चालली. चौथ्या खेपेनंतर तर पावसाळाभर काही झाले नाही आणि पानशेत रस्त्यावर दिवाळीच्या सुमारास पुन्हा तोच नाच सुरू झाला.

तेव्हा मी स्वतः नकल उघडली. गाडी सपाट जागेवर लावून मागच्या चाकांना ठोकळे दिले, ॲक्सल उचलून पक्क्या लोखंडी स्टँडवर घेतला आणि चाके उतरवली. डाव्या बाजूची वरची टोपी सुटली तशी तिच्याखालून शिमबरोबर तपकिरी पॅकिंग कागदाचे दोन थर निघाले, तेल पिऊन मऊ झालेले, बोल्टच्या भोकांभोवती कात्रीच्या खुणा स्पष्ट दिसणारे. तेल गळू नये म्हणून कोणीतरी ते घातले असावे, हेतू वाईट नव्हता. पण शिमवर कागद चढला म्हणजे टोपी तेवढी उचलली गेली आणि बेअरिंगवरचा दाब गेला. हाताने हलवून पाहिले तर खेळ जाणवत नव्हता, आणि खेळ नाही म्हणजे काम बरोबर, असा त्या मिस्त्रींचा समज झाला असणार. खालचे बेअरिंग काढल्यावर दुसरी गोष्ट उघड झाली. कोन नवा, चकचकीत होता. कप मात्र जुनाच, त्याच्या आतील भिंतीवर रोलरच्या आकाराचे बारीक चर ओळीने पडलेले. गाडीचा बहुतेक प्रवास सरळ होत असल्यामुळे रोलर त्याच जागी बसून दणके खातात आणि कपात आपापली घरे करतात. ज्या सरळ स्थितीत घर्षणाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच स्थितीत ते बेअरिंग ढिले पडते आणि किंचित वळवले की घट्ट लागते. गॅरेजमध्ये नकल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहणाऱ्याला ती घट्टच वाटते.

मग चौथ्या दुरुस्तीनंतर गाडी चार महिने चांगली का चालली? याचे उत्तर गोळ्याला बाहेरून मिठी मारून बसणाऱ्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) सीलमध्ये आहे. नवे कोरे फेल्ट आणि नवे जाड ग्रीस नकलेला चांगलेच जड करतात, आणि ते घर्षण थरथर दाबून ठेवते. फेल्ट वापरात घासून सैल झाले, डिफरन्शिअलमधील तेल झिरपून ग्रीस पातळ झाले, की घर्षण संपते आणि झोका मोकळा होतो. डँपरचेही तेच आणि आवळलेल्या स्टिअरिंग बॉक्सचेही तेच. उसने अवसान असते तसे हे उसने घर्षण असते. म्हणूनच विलीजच्या दुरुस्ती-पुस्तिकेत किंगपिनचा ताण सील काढून मोजायला सांगितले आहे. ही सूचना मी पूर्वी वाचली होती आणि अनावश्यक काटेकोरपणा समजून ओलांडून गेलो होतो.

ताण मोजण्यासाठी यंत्रशाळेची गरज नाही, ताणकाटा लागतो. माझ्याकडे नव्हता, म्हणून गल्लीत येणाऱ्या रद्दीवाल्याकडून आकड्याचा काटा अर्ध्या तासासाठी मागून घेतला. "काका, जीप किलोवर काढली काय?" असे त्याने विचारले, आणि त्या दिवशी त्याला हो म्हणावेसे वाटले होते. काटा खरा बोलतो का, हे आधी पाच लिटर पाण्याचा कॅन टांगून पडताळावे. पाच किलो पाणी आणि वर कॅनचे वजन एवढा आकडा यायला हवा.

आता मोजणी. नकल मोकळी असली पाहिजे, म्हणून टाय रॉडचा जॉइंट सोडवावा, फेल्टची सील आणि ती धरणाऱ्या अर्धगोल पट्ट्या काढाव्यात, आतील शाफ्टही बाहेर घ्यावा. ब्रेकचा पाइप ताणला जाणार नाही याकडे लक्ष असावे. बेअरिंगला हलके तेल लावून टोपीचे बोल्ट पूर्ण आवळावेत आणि नकल दोन-चार वेळा इकडून तिकडे फिरवून बेअरिंग बसू द्यावीत. मग टाय रॉड काढल्यावर स्टिअरिंग आर्मच्या टोकाला जे भोक उघडे पडते त्यात काट्याचा आकडा अडकवावा आणि आर्मला काटकोनात, सावकाश ओढावे. नकल जागची हलून नुकती फिरू लागते त्या क्षणीचा आकडा धरायचा. तो १२ ते १६ पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात किलोंच्या दरम्यान यावा. माझ्या गाडीत डावीकडे जेमतेम एक किलो आणि उजवीकडे अडीच किलो भरले.

नवे कप ॲक्सलच्या गोळ्यात ठोकताना ते तळाशी पूर्ण टेकले आहेत का हे पाहावे, कारण अर्धवट बसलेला कप रस्त्यावर गेल्यावर हळूच आत सरकतो आणि जुळवलेला ताण घेऊन जातो. जुना कप ठोकणीच्या जागी वापरला तर काम सरळ होते. शिम धातूच्याच हव्यात. मूळ संचात त्या ०.००३, ०.००५, ०.०१० आणि ०.०३० इंचांच्या येतात, म्हणजे सर्वांत पातळ शिम मिलिमीटरच्या तेराव्या भागाएवढी. ज्या बाजूंना शिम आहेत तिथे वरून आणि खालून शक्यतो सारख्याच जाडीच्या काढाव्यात, म्हणजे नकल मध्यावर राहते आणि शाफ्टचा जॉइंट तिरका चालत नाही. सर्वांत पातळ एक शिम काढल्यावरही काट्यावर बऱ्यापैकी फरक दिसतो, म्हणून घाई करून दोन-तीन एकदम काढू नयेत. तेलाच्या गळतीची भीती वाटत असेल तर शिमवर सीलंटचा अगदी पातळ हात चालतो, कागद नाही. आणि गळतीचे मूळ बहुधा आतील ॲक्सल सीलमध्ये असते. नकल उघडी असतानाच ही सील बदलणे शहाणपणाचे आहे.

नकल उघडण्याइतका वेळ नसलेल्यांनी निदान एक परीक्षा करावी. चाक उचलून त्याचा माथा आणि तळ धरून हलवून पाहावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. टाय रॉडचे जॉइंट आणि मधला बेल क्रँक (स्टिअरिंगची हालचाल टाय रॉडकडे वळवणारा दांडा) मात्र चाके जमिनीवर असताना, स्टिअरिंग थोडेथोडे हलवायला लावून, प्रत्येक जॉइंटवर हात ठेवून तपासावेत. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटांना कळतो. ढिला जॉइंट बदललाच पाहिजे, पण तो बदलून थरथर थांबली तर मूळ कारण सापडले असे लगेच समजू नये.

किंगपिनखालोखाल माझा संशय कॅस्टरवर असतो. किंगपिनचा माथा किंचित मागे झुकलेला असतो, त्यामुळे चाक आपोआप सरळ राहू पाहते. जीपमध्ये हा कोन ३ अंशांचा ठेवला आहे. आपल्याकडे मागे माणसे आणि ओझे कोंबायचे म्हणून मागच्या पाट्यांत एखादी पट्टी वाढवण्याची पद्धत आहे, आणि पुढे पेट्रोलच्या जागी जड डिझेल इंजिन बसवल्याने पुढचे पाटे बसलेले असतात. सीजे-३बीचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर आहे. मागचा भाग पुढच्यापेक्षा ५० मिलिमीटर वर गेला तर सगळी चौकट सुमारे १.४ अंश पुढे कलते आणि ३ अंशांतील जवळजवळ निम्मा कॅस्टर खर्ची पडतो. माझ्या जीपमध्ये नेमके हेच झाले होते. कोन मोजायची सोयीची वेळ टोपी काढलेली असतानाची. टोपी जिथे टेकते त्या सपाट पृष्ठभागावर कोनमापक ठेवता येतो, मात्र तेव्हा गाडीचे वजन पाट्यांवर असले पाहिजे आणि जमीन समतल हवी. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये बसणाऱ्या पाचरी मिळतात, परंतु जाड बाजू पुढे की मागे हे ऐकीव माहितीवर न ठरवता बसवून, पुन्हा मोजून ठरवावे. मी पाचरी न घालता मागची जादा पट्टी काढून टाकली आणि पुढचे पाटे लोहाराकडून नव्याने कमानीत आणून घेतले.

रुंद टायर आणि बाहेर आलेल्या रिम यांविषयी थोडक्यात : चाक जितके बाहेर जाते तितका किंगपिनच्या रेषेपासून टायरच्या टेकण्याच्या जागेचा हात लांबतो आणि प्रत्येक खड्डा तेवढ्या मोठ्या दांड्याने चाक पिळतो. दिसायला गाडी रुबाबदार होते, हे मान्य. टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा मागच्यांपेक्षा जितक्या जवळ असतात ते अंतर, मूळ मापाने १.२ ते २.४ मिलिमीटर ठेवावा. आणि स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू चाके सरळ असताना, खेळ जेमतेम जाईल एवढाच फिरवावा. त्याहून आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून परतत नाही आणि थरथरीचे खरे कारण आणखी काही आठवडे लपून राहते.

हे सगळे झाल्यावर मी डँपर काढून ठेवला आणि वारज्याच्या त्याच पुलावरून, रविवारी पहाटे, वाहतूक नसताना, ताशी ४५, ५० आणि ५५ किलोमीटरने तीन फेऱ्या मारल्या. जोडावर दणका बसला, स्टिअरिंग एकदा उजवीकडे उडाले आणि जागेवर आले. डँपर नंतर परत लावला, कारण खडकाळ वाटेवर अंगठे वाचवण्याचे काम तो चोख करतो. ३०० किलोमीटरनंतर सील काढून पुन्हा काटा लावला तेव्हा उजवी बाजू साडेसहा किलोंवर ठाम होती आणि डावी साडेसहावरून पावणेसहावर आली होती. नवा कप बसताना एवढे चालायचेच; डावीकडची एक पातळ शिम काढली आणि काटा पुन्हा सव्वासहाच्या पुढे गेला.